टर्बो गाडीत बदल कोणत्या क्रमाने करावेत? ऑक्टाव्हिया आरएस मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. ही गाडी भारतात २०१७ मध्ये आली. दोन लिटरचं ईए८८८ टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, पुढच्या चाकांना ताकद आणि तेलातल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स), असा तिचा ऐवज. आता या गाड्या सेकंड हँड बाजारात मिळतात, आणि गाडी घरी आली की आठवडाभरात पहिला प्रश्न येतो तो ट्यूनचा, म्हणजे इंजिनच्या संगणकातली (ईसीयूतली) फाइल बदलून ताकद वाढवण्याचा. इथला बराचसा विचार इतर टर्बो गाड्यांनाही लागू पडतो. जिथे पडत नाही, तिथे तसं सांगितलं आहे.

१. एका दमात सांगा, क्रम काय असावा?

आधी गाडीची तब्येत, मग टायर आणि ब्रेक, मग सस्पेन्शन, मग इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा भाग). त्यानंतर इंजिनचं स्टेज १ ट्यून (भाग न बदलता केलेलं) आणि लगेच गिअरबॉक्सचं ट्यून. डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) त्याच्या पुढे, तोही फक्त ट्रॅकवरच्या गाडीसाठी. मोठा टर्बो सगळ्यात शेवटी.

या क्रमामागे एकच विचार आहे: पुढचा बदल जो ताण आणणार, तो सोसायची तयारी आधीच्या बदलाने करून ठेवलेली असावी. रोज ऑफिसला आणि महिन्यातून एकदा कोकणात जाणाऱ्या गाडीने स्टेज १ वर थांबावं, असं माझं ठाम मत आहे. त्यापुढे खर्च झपाट्याने वाढतो आणि रस्त्यावर वापरता येईल असं फारसं काही हाती लागत नाही.

२. पण पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक ट्यूननेच पडतो. मग तेच आधी का करू नये?

पडतो, हे अगदी खरं. टर्बो इंजिनात फक्त फाइल बदलून मिळते तेवढी ताकद टर्बो नसलेल्या इंजिनात हजारो रुपयांचे भाग बदलूनही मिळत नाही. आणि म्हणूनच घाई नको.

पहिलं कारण ब्रेकचं. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी १०० ऐवजी १४० वरून थांबायचं तर ब्रेकना जवळजवळ दुप्पट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ट्यूननंतर ज्या सरळ रस्त्यावर तुम्ही आधी १०० ला पोचत होता, तिथेच आता त्याहून जास्त वेगाला पोचता. पुढचं वळण मात्र होतं तिथेच आहे.

दुसरं कारण निदानाचं. जुना प्लग, बूस्टची (टर्बोने दाबलेल्या हवेची) बारीक गळती, थकलेली इग्निशन कॉइल हे दोष स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशा गाडीत लपून राहतात. ट्यूननंतर ते एकदम वर येतात आणि दोष फाइलचा की गाडीचा, हे शोधण्यात महिने जातात.

३. तब्येत म्हणजे नेमकं काय काय तपासायचं?

या टप्प्यावर जास्तीत जास्त वेळ द्या. इथे टाळाटाळ झाली की पुढचं सगळं डगमगतं.

इंजिन ऑइल: कंपनीच्या मान्यतेचं तेल वापरा आणि बदलण्याचं अंतर कमी करा. १५,००० किलोमीटरचं वेळापत्रक स्टॉक गाडीसाठी आहे. ट्यून करणार असाल तर साडेसात-आठ हजारांवर बदला. डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर जोर दिला की पेट्रोल ठिणगीच्या आधीच पेटण्याचा धोका असतो. २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या तेलाच्या श्रेणीत याची खास चाचणी घेतली जाते. त्यामुळे डब्यावर ही श्रेणी आणि कंपनीची मान्यता, दोन्ही आहेत ना ते बघा.

कूलंट: या इंजिनाचं वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं हाउसिंग गळतं, ही सगळ्या जगाला माहीत असलेली खोड आहे. टाकीतली पातळी हळूहळू उतरत असेल तर नुसतं कूलंट ओतत राहू नका. हाउसिंग बदला.

प्लग आणि कॉइल: ट्यूनच्या आधी नवे प्लग हवेतच. बूस्ट वाढला की ठिणगी विझू नये म्हणून ट्यूनर प्लगची गॅप थोडी कमी ठेवतात, साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर. नेमका आकडा तुमच्या ट्यूनरकडून घ्या.

गळती: इनटेकच्या (इंजिनात हवा जाण्याच्या) मार्गात धूर सोडून तपासणी करून घ्या. फाटलेला होज, सैल क्लॅम्प, निकामी डायव्हर्टर व्हॉल्व्ह (जास्तीचा बूस्ट वळवणारा), बिघडलेला पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह) सगळं यात उघडं पडतं.

व्हॉल्व्हवरचा कार्बन: ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्येच फवारलं जातं, तिथे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साचतो. गाडी बरीच चालली असेल तर मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याने सफाई करतात. नुसतं बाटलीतलं औषध टाकीत ओतून हा थर जात नाही, कारण ते पेट्रोल व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही.

शेवटी स्टॉक अवस्थेतलं लॉगिंग (चालत्या गाडीतल्या सेन्सरच्या आकड्यांची नोंद) करून ठेवा: बूस्ट, इनटेक हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचा नॉक (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके). पुढच्या प्रत्येक टप्प्यावर याच नोंदींशी तुलना करायची आहे.

४. टायर आधी घेऊ की अलॉय?

टायर. गाडी वेग घेते, वळते आणि थांबते ती टायरच्या चार छोट्या पट्ट्यांवर. चांगल्या टायरने ब्रेकिंगचं अंतर जितकं कमी होतं, तितकं कोणत्याही महागड्या कॅलिपरने (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाने) होत नाही. पावसाळ्याचे चार महिने लक्षात ठेवून ओल्या रस्त्यावर भरवशाचे टायर घ्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ताकद आणि वळण दोन्ही पुढच्याच टायरवर पडतं.

अलॉय बदलायचेच असतील तर ब्रेकचा निर्णय त्याआधी पक्का करा. मोठी डिस्क घेतली की आतून चाक किती मोठं हवं ते ठरतं. आधी हौसेने घेतलेले अलॉय नंतर कॅलिपरला घासतात म्हणून विकावे लागतात.

५. ब्रेकसाठी मोठं किटच लागतं का?

रस्त्यावरच्या गाडीला सहसा नाही. चांगले पॅड, निरोगी डिस्क आणि ताजं ब्रेक फ्लुइड एवढ्यावर बरंच काम भागतं.

फ्लुइडकडे लोक सगळ्यात कमी बघतात. डॉट ४ फ्लुइडचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. आपल्या दमट किनारपट्टीवर फ्लुइड लवकर पाणी ओढतं. आंबोली किंवा आंबा घाट उतरताना पेडल मऊ पडलं तर त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. दोन वर्षांत एकदा फ्लुइड बदलाच, आणि उतारावर डीएसजी मॅन्युअल मोडमध्ये टाकून इंजिनचा ब्रेक वापरा.

ट्रॅकवर जाणार असाल तर जास्त तापमान सोसणारे पॅड लागतील. ते थंड असताना कमी पकडतात आणि किंचाळतात, म्हणून रोजच्या वापरासाठी वेगळा संच ठेवा.

६. लोअरिंग स्प्रिंग लावले तर चालतील का?

दिसायला छान, पण शहरातल्या आणि गावोगावच्या गतिरोधकांवर पोट घासणार. शिवाय स्टॉक शॉक ॲब्सॉर्बर थकलेले असतील तर नवे स्प्रिंग त्यांना आणखी लवकर संपवतात. आधी बुश, टॉप माउंट आणि शॉक ॲब्सॉर्बर नव्यासारखे करा. त्यानेच गाडी किती घट्ट होते ते बघा. मागचा जाडसर अँटी-रोल बार पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत फार उपयोगी पडतो, कारण वळणावर नाक बाहेर पळणं कमी होतं. हे सगळं एकाच खेपेत करा म्हणजे अलाइनमेंटचे पैसे एकदाच जातील.

७. इंटरकूलर ट्यूनच्या आधी का? परदेशातले लोक तर आधी ट्यून करतात.

कारण त्यांची हवा थंड असते. हवा दाबली की तापते. ४० अंशांची हवा १.२ बार बूस्टपर्यंत दाबली की टर्बोतून बाहेर पडताना ती साधारण १५० अंशांवर जाते. ती थंड करायचं काम इंटरकूलरचं. स्टॉक इंटरकूलर एका जोराच्या धावेसाठी ठीक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या धावेला तो स्वतःच तापून बसतो. मग ईसीयू नॉक टाळण्यासाठी इग्निशन मागे घेतं आणि पैसे देऊन घेतलेली ताकद नेमकी हवी तेव्हा गायब होते.

नागपूर, अकोला, जळगाव भागातल्या मालकांना हे मी आग्रहाने सांगतो. मे महिन्यात तिथे पारा ४५ च्या आसपास असतो. चांगला इंटरकूलर कमाल आकडा फार वाढवत नाही. तो आकडा टिकवतो. दोन्हींची तजवीज असेल तर इंटरकूलर बसवून मगच फाइल लिहून घ्या, म्हणजे पुन्हा ट्यूनचे पैसे मोजावे लागणार नाहीत.

८. ओपन एअर फिल्टर लावल्यावर आवाज मस्त येतो. ताकद वाढते का?

स्टॉक टर्बोवर नगण्य. फिल्टरला इंजिनच्या उष्णतेपासून वेगळं करणारी पेटी नसेल तर उलट गरम हवा आत जाते. बंपरच्या खाली फिल्टर नेणाऱ्या रचना आपल्याकडे टाळाच. मुंबईत जुलैमध्ये साचलेल्या पाण्यातून गेलात आणि फिल्टरने पाणी ओढलं, तर पाणी दाबलं जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. स्टॉक पेटीत नवा फिल्टर घाला आणि वाचलेले पैसे इंटरकूलरकडे वळवा.

९. स्टेज १ मध्ये नक्की काय होतं आणि किती मिळतं?

एकही भाग न बदलता ईसीयूमधली बूस्ट, इग्निशन, इंधन आणि टॉर्कच्या मर्यादांची कोष्टकं बदलली जातात. चांगल्या ऑक्टेनच्या (नॉक टाळण्याची क्षमता जास्त असलेल्या) पेट्रोलवर ट्यूनर या इंजिनातून साधारण २८० ते ३०० पीएस आणि ४०० न्यूटन मीटरच्या पुढचा टॉर्क सांगतात. साध्या पेट्रोलवर त्याहून कमी मिळतं आणि कमीच मागावं.

आकड्यापेक्षा टॉर्क कुठे येतो ते बघा. २,००० आरपीएमलाच सगळा टॉर्क ओतणारी फाइल टेस्ट ड्राइव्हला भारी वाटते. पण रॉडवर आणि क्लचवर सगळ्यात जास्त ताण तिचाच येतो, आणि पावसात पहिल्या दोन गिअरमध्ये चाकं नुसती फिरतात. ट्यूनरकडून गिअरनुसार टॉर्क हळूहळू चढवणारी फाइल मागा. फाइल घातल्यावर जो लॉगिंग करून देत नसेल, त्या माणसाकडे जाऊ नका. एकाच सिलिंडरमध्ये सतत नॉक दिसत असेल तर गाडी जोरात चालवणं तिथेच थांबवा आणि प्रश्न ३ मधली यादी पुन्हा तपासा.

१०. कोणतं पेट्रोल गृहीत धरून ट्यून करू? ई२० चं काय?

तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर हमखास जे मिळतं, ते गृहीत धरा. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये ज्या दहा शहरांत आलं त्यांत मुंबई आणि पुणे होतं. पण पुण्याहून लातूरला जाताना मधल्या पंपावर ते मिळेलच असं नाही. १०० ऑक्टेनसाठी लिहिलेली आक्रमक फाइल साध्या पेट्रोलवर चालवली की सगळा भार नॉक सेन्सरवर येतो. तो सेन्सर अपवादासाठी आहे. रोजचं काम त्याच्या भरवशावर सोडू नका. बरेच ट्यूनर दोन फाइल देतात, तशा घ्या.

ई२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, ऑक्टेन वाढतं, म्हणजे नॉकच्या दृष्टीने ते बरंच. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे तेवढ्याच ताकदीसाठी जास्त इंधन पाठवावं लागतं. ट्यून केलेल्या गाडीत इंधनाचा हाय प्रेशर पंप आधीच मर्यादेजवळ काम करत असतो, म्हणून लॉगमध्ये पूर्ण जोरात इंधनाचा दाब खाली पडतो का, ते बघाच. २०१७ च्या गाडीत इंधनाच्या नळ्या आणि सील यांवरही नजर ठेवा.

११. डीएसजी हा टॉर्क झेपेल का?

आरएस २३० मधला डीक्यू२५० तेलातल्या क्लचचा आहे आणि त्याची कीर्ती चांगली आहे. अट एक: तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदललेले असावेत. सेकंड हँड गाडीत नोंद सापडत नसेल तर घेतल्या घेतल्या बदला.

इंजिनच्या ट्यूननंतर गिअरबॉक्सचं ट्यूनही करा. त्याच्या कंट्रोलरमध्ये टॉर्कची स्वतःची मर्यादा असते आणि क्लच किती दाबाने धरायचा तेही तिथेच ठरतं. मर्यादा जुनीच राहिली तर क्लच घसरतो किंवा गिअरबॉक्स इंजिनला टॉर्क कमी करायला लावतो. घसरण ओळखायची खूण: तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण जोर दिल्यावर आरपीएम चढतो, वेग त्या मानाने चढत नाही. तसं दिसलं तर टॉर्क कमी करून घ्या किंवा मजबूत क्लच पॅकचा खर्च धरा. लॉन्च कंट्रोल (जागेवरून झपाट्याने सुटण्याची सोय) मित्रांना दाखवण्यासाठी वापरू नका.

१२. डाउनपाइप आणि स्टेज २ (त्या पाइपसाठी लिहिलेलं ट्यून) करू का?

रस्त्यावरच्या गाडीला माझं उत्तर नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) काढलेल्या पाइपने टर्बो लवकर जागा होतो, हे खरं. पण ती गाडी विषारी धूर सोडते, आणि ती हवा आपलीच मुलं श्वासात घेतात.

कायद्याने बघितलं तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाज आणि प्रदूषणासाठी कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होतो तो वेगळा. पीयूसीत गाडी पास झाली म्हणजे बदल कायदेशीर ठरला, असं समजू नका. स्टेज १ ची फाइलही या कलमाच्या कक्षेबाहेर आहे असं मी म्हणणार नाही. निर्णय तुमचा, पण डोळे उघडे ठेवून घ्या.

फक्त कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर ट्रेलरवरून नेली जाणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डाउनपाइप इंटरकूलरनंतर आणि स्टेज २ च्या फाइलच्या आधी येतो.

१३. फोक्सवॅगन गोल्फ आरचा मोठा टर्बो बसतो म्हणतात. तो थेट बसवून सगळे मधले टप्पे टाळू का?

बसतो. आरएसमध्ये आयएस२० टर्बो आहे आणि गोल्फ आरमधला आयएस३८ त्याच जागी बोल्ट होतो. पण त्याला हवा जास्त लागते, उष्णता जास्त होते, इंधन जास्त लागतं, गिअरबॉक्सवर भार जास्त येतो. म्हणजे प्रश्न ५, ७, १० आणि ११ मधलं सगळं करावंच लागतं, फक्त एकदम आणि घाईत. शिवाय तो उशिरा जागा होतो, त्यामुळे शहरात गाडी पहिल्यापेक्षा मंद वाटू शकते.

१४. माझ्याकडे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५ आहे. हाच क्रम चालेल?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. चाकणला बनणाऱ्या या गाडीत स्टॉक टॉर्कच २५० न्यूटन मीटर आहे, आणि तिच्या कोरड्या क्लचच्या डीक्यू२०० डीएसजीची क्षमताही २५०च आहे. इथे छत गिअरबॉक्सने घातलं आहे. डीएसजी असेल तर ट्यूनमध्ये मधल्या आरपीएमचा टॉर्क जवळपास तसाच ठेवून वरच्या आरपीएमला ताकद वाढवणारी सौम्य फाइल मागा, आणि ट्रॅफिकमध्ये क्लच अर्धवट धरून सरकणं टाळा. इंटरकूलरचा टप्पाही वेगळा: या इंजिनात तो पाण्याने थंड होणारा आहे, त्यामुळे समोर मोठा इंटरकूलर लावण्याचा सरळ मार्ग नाही. टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनचा क्रम मात्र तोच.

२०२० च्या आरएस २४५ मध्ये सात गिअरचा, तेलातल्या क्लचचा डीएसजी आहे, तिला वरचाच क्रम लागू. २०२५ मध्ये आलेल्या २६५ पीएसच्या आरएसला वॉरंटी संपेपर्यंत टायर आणि ब्रेक पॅड सोडून हात लावू नका.

१५. महाबळेश्वरला गाडी थोडी मंद वाटते. ट्यूनमध्ये दोष आहे का?

बहुधा नाही. महाबळेश्वरला, समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर, हवेचा दाब सुमारे ०.८६ बार असतो. मुंबईत २.२ पट दाब देऊन (म्हणजे १.२ बार बूस्टला) जे साधतं, त्यासाठी तिथे टर्बोला साधारण अडीच पट दाब द्यावा लागतो. तो जास्त वेगाने फिरतो आणि हवा जास्त तापते. चांगल्या फाइलमध्ये उंचीनुसार बूस्ट आपोआप कमी होतो आणि टर्बो वाचतो. मुंबईत लॉगिंग करून लिहिलेली फाइल एकदा घाटमाथ्यावरही तपासून घ्या.

१६. वॉरंटी आणि विम्याचं काय? सर्व्हिस सेंटरला कळेल का?

कळतं. स्कोडा ज्यात येते त्या फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत बदललेली फाइल कंपनीच्या यंत्रणेत ओळखली जाते आणि गाडीवर तशी खूण पडते. नंतर स्टॉक फाइल टाकली तरी ती खूण जात नाही. सर्व्हिसला गाडी देताना ईसीयू अपडेट करू नये असं लिहून द्या, नाहीतर तुमची फाइल पुसली जाईल. विमा कंपनीला बदल कळवा. हप्ता वाढेल, पण अपघातानंतर दावा नाकारला जाण्यापेक्षा ते परवडतं.

१७. मी जर्मनीत असतो, इथे आरएस घेतली आहे. तिथला क्रम वेगळा असेल का?

तांत्रिक क्रमात इंटरकूलर आणि ट्यूनची अदलाबदल चालेल, कारण हवा थंड आहे आणि ९८ ऑक्टेनचं पेट्रोल सहज मिळतं. पण ऑटोबानवर पूर्ण वेगात मिनिटांमागून मिनिटं जाणार असाल तर इंटरकूलर आणि ब्रेक आधीच हवेत.

तिकडे खरा फरक कागदपत्रांचा. प्रत्येक भागासोबत मान्यतेचं किंवा तपासणीचं प्रमाणपत्र लागतं आणि अनेक बदल ट्यूफसारख्या तपासणी संस्थेकडून मंजूर करून गाडीच्या कागदांवर चढवावे लागतात. तसं केलं नाही तर गाडीचा रस्त्यावर चालवण्याचा परवाना रद्द ठरू शकतो आणि विम्याचा प्रश्न उभा राहतो. ज्या ट्यूनरकडे तुमच्याच इंजिन कोडसाठी असं प्रमाणपत्र आहे, त्याच्याकडूनच फाइल घ्या. स्प्रिंग आणि अलॉय एकत्र बसवणार असाल तर ते दोन्ही एकत्र वापरण्याला मान्यता आहे का, ते विकत घेण्याआधी विचारा.